तासाला अडीच अंश

ता. ३ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, आई आता कुठे काठी न घेता जिना चढते हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, खुबा नवा आहे पण बाकीची मंडळी जुनीच आहेत, बेतानं. आणि तुझ्या कानांचं काय? चाळीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी उभा राहिलास, आता फोनवर मी 'मोजमाप' म्हटलं की तुला 'गोडधोड' ऐकू येतं. त्यापेक्षा पत्रच बरं. निदान ते मला ओरडून लिहावं लागत नाही.

तू विचारलंस की लोकांनी विचारलं तर बहीण काय करते म्हणून सांगू. सांग, एका स्फटिकातून उष्णता कशी वाहते ते मोजते. स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढा. एका टोकाला किंचित ऊब द्यायची, दुसरं टोक तांब्याच्या गार ठोकळ्याला चिकटवायचं, आणि मधे दोन ठिकाणी तापमान बघायचं. गार म्हणजे तुझ्या फळांच्या कोठारासारखं नव्हे. ज्याच्याखाली गारठाच नाही अशी जी शेवटची पायरी, तिच्यापासून अंशाचे काही शतांशच वर. हा स्फटिक विजेला वाट देत नाही. पण त्याच्यातले काही अणू म्हणजे बारीक बारीक चुंबक असतात. तुझ्या भाषेत, भिंगऱ्याच. एवढ्या गारठ्यात बहुतेक पदार्थांतल्या भिंगऱ्या शिस्तीत रांग धरून बसतात. थोडेच पदार्थ असे, की त्यांच्यात त्या बसतच नाहीत. शेवटपर्यंत चुळबुळ चालू. आणि त्या चुळबुळीवर स्वार होऊन उष्णता पुढे सरकत असावी, असा पुष्कळांचा अंदाज होता. दोन वर्षांपूर्वी मला ती सरकताना दिसली. गेल्या वर्षी लेख छापून आला, तो तू आईच्या उशाशी ठेवला होतास.

आता वाईट बातमी. त्यानंतर मी तेरा स्फटिक मोजले. एकातही काही दिसलं नाही. भिंगऱ्या आहेत, पण उष्णता पुढे नेत नाहीत. दूरच्या एका प्रयोगशाळेनंही कळवलं की त्यांना काही सापडत नाही. आमचे सर म्हणाले की पहिला स्फटिक उत्तम होता आणि पुढचे सगळे खराब आहेत, म्हणजे दोष भट्टीचा आणि भट्टीवाल्या बाईंचा. बाई तुला आठवत असतील. तू इथे आलास तेव्हा ज्यांनी तुला भट्टीच्या काचेतून वितळलेला थेंब दाखवला त्या. सव्वीस वर्षं त्या इथे स्फटिक वाढवताहेत. डिसेंबरात बैठक झाली, अहवाल झाला, बाईंची मुदत वाढवली नाही. भट्टीचे भाग सुटे करून खोक्यांत भरलेत. स्फटिक आता बाहेरून मागवायचे.

अहवालावर सरांची सही आहे आणि माझी.

जूनमध्ये कायमच्या जागेसाठी मुलाखती आहेत. बाकी ठीक. माया आहे ती आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी


ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. भिंगऱ्यांपर्यंत ती ऐकत होती, मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. बाईंचा मजकूर आला तशी तिनं विचारलं की त्या बाई बैठकीत काय म्हणाल्या. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. तेव्हा ते लिही.

इकडची खबर अशी, की कोठारात नवीन व्यवस्थापक आलाय. वय माझ्या बुटांएवढं. त्यानं हुकूम काढला की माल आला की एका रात्रीत शून्यावर आणायचा, वेळ वाचतो. मी सांगितलं की नासपती असली घाई सोसत नाही, तिला आठ-दहा दिवस लावून खाली आणावं लागतं. तो म्हणाला की पुस्तकात तसं नाही. मी म्हटलं, बरं. आता तिसऱ्या खोलीतला सगळा माल बाहेरून बघशील तर नटलेल्या नवरीसारखा, आणि कापला की आतून गाभा तपकिरी. बाहेर सालीवर डाग नाही, म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. आता म्हणतो की बागवाल्यानं खराब माल दिला. बागवाला गेली वीस वर्षं तोच, झाडं तीच.

तुझं वाचून सहज मनात आलं म्हणून विचारतो, हसू नकोस. तुझा तांदळाचा दाणा तू किती वेगानं गार करतेस?

खाणंपिणं वेळेवर ठेव. तू वाळलीस की आई मला बोल लावते. आमचं लक्ष तुझ्याकडे आहे हे जाणून असावं.

तुझा,
दादा


ता. १९ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

हसले नाही म्हटलं तर खोटं होईल. अरे, नासपतीत पाणी असतं, साखर असते, ती श्वास घेते. माझा स्फटिक श्वास घेत नाही. नेहमीच्या तापमानापासून द्रव हेलियमच्या तापमानापर्यंत आम्ही तो नऊ तासांत आणतो. सकाळी सुरू केलं की संध्याकाळी पोचतो. सगळेच असं करतात. लेखातही तसंच लिहिलंय. तेव्हा व्यवस्थापकाला माझ्याकडे पाठवू नकोस, मी त्याचीच बाजू घेईन.

बाई बैठकीत काय म्हणाल्या ते मला नीट आठवत नाही. फारसं बोलल्या नसाव्यात. टिपण मीच घेत होते, त्यात त्यांचं काही नाही.

ता. २०. पत्र काल टाकायचं राहिलं, ते बरं झालं. आज दुपारी तुझ्या नासपतींवरून उगाच जुनी वही काढली. पहिल्या स्फटिकाच्या पानावर एवढंच आहे, 'स्फटिक १, थंड केला.' तारीख आहे, वेळ नाही. तापमानाची नोंद संगणकावर आहे ती अगदी खालच्या टप्प्यापासूनची. वरचा प्रवास कुठेच नाही. लेख लिहिताना मी नऊ तास लिहिलं, कारण नेहमी नऊच असतात.

दादा, आईच्या ऑपरेशनला मी नेमकी कधी आले आणि कधी परत गेले, ते मला नीट बघून कळव. अंदाजानं नको. दवाखान्याचे कागद असतील तर त्यावरून सांग. का विचारते ते नंतर लिहीन.

भिंगरी


ता. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कागद काढले. माझ्याकडे सगळं आहे, पंख्याच्या हमीपत्रापासून. तुझ्या नावाचा भेटीचा पास मंगळवार ता. १४, दुपारी दोनचा. ऑपरेशन बुधवारी सकाळी. तू रविवारी पहाटेच्या गाडीनं गेलीस. मीच स्टेशनवर सोडलं. परतीच्या तिकिटाचा तुकडा पासला टाचलेला आहे, तो सोबत पाठवतो.

आता आठवणी निघाल्याच आहेत तर एक सांगून टाकतो. आईची भूल उतरत होती तेव्हा तू जिन्यात उभी राहून फोनवर कुणाला तरी विचारत होतीस. उतरतंय ना, किती झालं, हळूहळूच उतरतंय ना. मला वाटलं आईच्या तापाचं विचारतेस, डॉक्टरांशी बोलतेस. मी घरी सगळ्यांना सांगितलं की लांब राहते पण जीव किती आहे. चार महिन्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आईला ताप नव्हताच.

रागावलो नाही. तेव्हा रागावलो होतो. कळवलं एवढंच.

आई विचारते, फोनवर कोण होतं?

दादा


ता. १७ मे

ति. दादास,
सा. न. वि. वि.

अडीच महिने लिहिलं नाही, त्याची क्षमा. आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. फोनवर बाई होत्या.

त्या मंगळवारी सकाळी मी स्फटिक यंत्रात घातला आणि तुझा निरोप आला. यंत्र सोडून निघायचं तर नऊ तासांनी ते खाली पोचणार, आणि मग पाच दिवस महाग हेलियम उगाच उडत राहणार. म्हणून नियंत्रकाचा वेग सगळ्यात कमी करून ठेवला. मी परत येईपर्यंत रेंगाळू दे म्हणून. बाई सकाळ-संध्याकाळ द्रव नायट्रोजन भरत होत्या आणि मला आकडे सांगत होत्या. मी रविवारी दुपारी पोचले तेव्हा तो नुकता खाली आला होता. एकशे वीस तास, म्हणजे तासाला अडीच अंश. नंतर मी हे साफ विसरले. जिन्यातलं तू सांगितलंस ते तुझ्या पत्रातूनच आठवलं, आणि तिथे उभी असताना आईचा विचार मनात होता की नव्हता हे मात्र आठवत नाही. असं लिहायला बरं वाटत नाही.

मार्चमध्ये मी खराब ठरवलेल्यांपैकी एक स्फटिक काढला. तोच, पूर्वी काही न दाखवणारा. नेहमीच्या तापमानाला आणून पुन्हा उतरवला, या वेळी तासाला अडीच अंशानं. उष्णता सरकली. पहिल्यात दिसली होती तितकीच. मग तोच स्फटिक वर आणून नऊ तासांत उतरवला, तर काही नाही. आणखी दोन तसेच करून पाहिले, तेच. घाईनं थंड केला की आतले अणू आपापल्या जागी बसण्याआधीच गोठत असावेत, आणि मग चुळबुळ वाटेतच अडखळत असावी. का ते अजून नक्की ठाऊक नाही, पण स्फटिकांत दोष नाही हे नक्की. तुझा बागवाला निर्दोष आहे.

मी सरांना आकडे दाखवले. ते खूश झाले. खरंच खूश झाले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. म्हणाले की हा नवा लेख आहे, थंड करण्याच्या वेगाचा परिणाम, फार सुंदर. मी म्हटलं की जुन्या लेखातले नऊ तास चुकीचे आहेत, ती दुरुस्ती छापावी लागेल. दुसरे लोक वर्षभर नऊ तासांनी करून डोकं आपटताहेत. ते म्हणाले की नव्या लेखातून ते सगळ्यांना आपोआप कळेल, मुलाखतीच्या तोंडावर चूक चव्हाट्यावर मांडायची गरज नाही. बाईंच्या अहवालाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले की त्यांना मिळायचं ते सगळं मिळालं आहे, वयही झालंच होतं. हे त्यांनी वाईट आवाजात सांगितलं नाही. माझ्या भल्याचंच सांगितलं.

मुलाखत २२ जूनला. तुला काय वाटतं ते लिही.

भिंगरी


ता. २४ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मला काय वाटायचंय? मी यंत्रवाला. बिघाड सापडला की त्याचा कागद लिहून यंत्रावर चिकटवतो, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस तिथेच हात पोळून घेत नाही. तुमच्यात तसं करायची पद्धत नसेल तर मला माहीत नाही.

जागेचं मात्र मनाला लागतं. तुझी कायमची जागा झाली असती तर मी सुखानं बहिरा झालो असतो.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं एवढंच म्हटलं, की सरांचं सर बघतील, अहवालावर आपल्या पोरीची सही कुठे आहे ते तिला विचार. मग चहा मागितला.

दादा


ता. ३ जून

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

बरेच महिने आपली भेट नाही. हे पत्र फार आधी लिहायला हवं होतं.

आपण वाढवलेले स्फटिक खराब असल्याचं डिसेंबरच्या अहवालात लिहिलं होतं. ते चूक होतं. स्फटिक चांगले होते, मी ते घाईनं थंड करत होते. पहिल्या वेळी आपण पाच दिवस यंत्र सांभाळलंत, तेव्हा ते सावकाश उतरलं, म्हणूनच परिणाम दिसला. हे मी विसरले आणि लेखात चुकीचा वेळ लिहिला. दुरुस्ती काल मासिकाकडे पाठवली आहे. तिच्यावर फक्त माझं नाव आहे. त्या पाच दिवसांतल्या आपल्या कामाचा उल्लेख तिच्यात केला आहे.

आपली मी माफी मागते. माझ्या हातून काही होण्यासारखं असेल तर कळवावं.

आपली नम्र,
(सही)


ता. १२ जून

स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. सध्या मी एका काचकामाच्या कारखान्यात सकाळची पाळी करते. भट्टी आहे, पण बाटल्यांची. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पाळी नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

त्या आठवड्याची वही माझ्याजवळ आहे. सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा, सगळे आहेत. हवी तर नक्कल पाठवीन. तुमचा छापलेला लेख मला कुणी दाखवला नव्हता, त्यामुळे त्यात नऊ तास लिहिलेत हे मला आत्ता तुमच्याकडून कळलं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती लिहिते. मी बैठकीत बोलले होते. पहिल्या खेपेला पाच दिवस लागले होते, आता फार घाई होते, एकदा तसं करून बघा, असं मी म्हणाले होते. सर म्हणाले की आजचा विषय भट्टीचा आहे, शीतयंत्राचा नाही. तुम्ही टिपण लिहीत होतात. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही वर बघितलं नाही. नंतर मी टिपणाची प्रत मागून वाचली. त्यात मी बोललेलं नव्हतं.

तुम्ही मुद्दाम गाळलंत असं मी म्हणत नाही. ऐकू गेलं नसेल. पण तेव्हापासून मी घरीसुद्धा एखादी गोष्ट दोनदा सांगते, आणि घरचे हसतात.

माफी पत्रात नको. अहवाल जिथे वाचला तिथे, त्याच लोकांपुढे, तो मागे घेतल्याचं वाचावं. मी येईन. पाळी दोनला सुटते.

कळावे.
(सही)


ता. ९ जुलै

ति. दादास,
सा. न. वि. वि.

जागा मला मिळाली नाही. मुलाखत अर्धा तास चालली, त्यातली वीस मिनिटं त्यांनी दुरुस्तीबद्दलच विचारलं. एक सभ्य गृहस्थ म्हणाले की प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, पण वहीत वेळ न लिहिणं ही चूक साधी नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं. माझा करार अजून चौदा महिने आहे, तेव्हा लगेच सामान घेऊन दारात उभी राहणार नाही, आईनं खोली झाडायला घेऊ नये.

दूरच्या प्रयोगशाळेला मी छापून यायच्या आधीच कळवलं होतं. त्यांनी सावकाश करून पाहिलं आणि त्यांना सापडलं. आभाराचं पत्र आलं, त्यात थोडा रागही आहे. त्यांच्या एका मुलीचं वर्ष वाया गेलं.

बाईंची बैठक काल झाली. सर आधी नको म्हणाले, मग म्हणाले की तुझं तू वाच, मी बसेन. डिसेंबरात होते तेच सहा जण. बाई अडीचला आल्या, कारखान्याच्या कपड्यांतच. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मी वाचलं. अहवाल चूक होता, स्फटिकांत दोष नव्हता, आणि बाईंनी त्याच बैठकीत योग्य ते सांगितलं असूनही मी ते टिपणात लिहिलं नाही. बाई म्हणाल्या की पंपाच्या आवाजात शेवटचं नीट कळलं नाही, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मधे पाणी प्यायले आणि पुरं केलं. सर तेवढ्या वेळात पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते. शेवटी त्यांनी माझ्या सहीखाली आपलीही सही केली. कुणी सांगितलं नव्हतं.

मग सरांनी विचारलं की भट्टी पुन्हा जोडली तर बाई येतील का. बाई म्हणाल्या, नाही. बाटल्यांच्या कारखान्यात मुकादमाला त्यांचं ऐकू येतं.

त्यांनी सह्यांचा तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. फाटकाशी त्यांनी वहीची नक्कल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या की चौथ्या दिवशी रात्री वीज गेली होती, यंत्र सहा तास एकाच आकड्यावर थांबलं होतं, ते बघा. मी विचारलं की कुठल्या आकड्यावर. त्यांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी मी त्यांच्यासमोरच लिहून घेतलं. ते बरोबर लिहिलंय का हे त्यांनी वाकून वाचलं आणि बस आली तशी चढल्या.

स्फटिक आज सकाळपासून त्या आकड्यावर थांबवून ठेवलाय. दोन दिवस तरी मला इथून हलता येणार नाही. त्यानंतर मी येतेय, शुक्रवारी दुपारच्या गाडीनं, चार दिवसांसाठी. फोन घरीच ठेवून येणार होते, पण मग स्टेशनवर तुला शोधायचं कसं? तेव्हा तो तू ठेवून घे.

भेटीअंती सविस्तर. ओढ आहे ती असू द्यावी.

तुझी,
भिंगरी